टर्कीची चरबी गेली कुठे?

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या एक-दोन दिवस आधी, वॉशिंग्टनला व्हाईट हाऊसमध्ये एक गमतीदार सोहळा होतो. अमेरिकेचे अध्यक्ष दोन टर्की पक्ष्यांना जाहीर 'माफी' देतात. १९८९ साली थोरल्या जॉर्ज बुश यांनी ही प्रथा रुळवली आणि तेव्हापासून पक्ष कोणताही सत्तेवर असो, ती अखंड चालू आहे. छायाचित्रकारांची झुंबड उडते, अध्यक्ष एखादा विनोद करतात आणि पांढऱ्याशुभ्र पिसांचे, अठरा-वीस किलो वजनाचे ते दोन पक्षी सुरीपासून वाचतात. पुढे त्यांची रवानगी एखाद्या शेतावर किंवा विद्यापीठाच्या आवारात होते. छायाचित्रकार तिथवर जात नाहीत. माफी मिळालेल्या या पक्ष्यांपैकी बरेचसे वर्ष-दोन वर्षांत मरून जातात. कोणी त्यांना मारत नाही. ते शरीर जगण्यासाठी घडवलेलेच नसते.

टर्की हा काही आपल्या ताटातला पक्षी नव्हे. मुंबई-गोव्याच्या मोठ्या हॉटेलांत नाताळच्या सुमारास तो दिसतो, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. तरीही रविवारच्या सकाळी मी वाचकांना त्याच्या चरबीची कथा सांगणार आहे. कारण गेल्या साठ-सत्तर वर्षांत टर्कीच्या बाबतीत जे घडले, तेच आपल्या कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानातल्या कोंबडीच्या बाबतीत घडले आहे. आणि नको असलेली चरबी शेवटी कोणाच्या ताटात पडते, या प्रश्नाची झळ दिल्लीपर्यंत पोचलेली आहे.

गोव्याच्या बंदरातून

टर्की मूळची उत्तर अमेरिकेची. मेक्सिकोतल्या लोकांनी ती माणसाळवली, सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. १६१२ साली जहांगीर बादशहाने मुकर्रब खान या आपल्या सरदाराला गोव्याला पाठवले होते. त्याने आणलेल्या अपूर्वाईच्या वस्तूंत हा पक्षीही होता. त्याच्या मानेचा रंग सरड्यासारखा बदलतो याचे बादशहाला मोठे नवल वाटले. तसे त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे आणि दरबारातल्या मन्सूर या चित्रकाराकडून पक्ष्याचे चित्रही काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रातली टर्की गडद पिसांची, उंच पायांची आणि सडपातळ आहे. व्हाईट हाऊसमधल्या पक्ष्याशेजारी ती ठेवली तर दोघे एकाच जातीचे आहेत हे सांगूनही पटणार नाही.

रानटी टर्की आजही अमेरिकेच्या जंगलांत आहे. ती उडते आणि रात्री झाडावर बसते. तिच्या अंगावर चरबी असते, पण कामापुरती. रानटी नराच्या छातीवर थंडी संपता संपता चरबीचा एक जाड थर जमतो. वसंतात माद्यांभोवती नाचण्याच्या नादात त्याचे खाण्याकडे लक्ष नसते. त्या काळात तो या साठ्यावर निभावतो आणि हंगाम संपला की थरही संपतो. म्हणजे निसर्गात चरबी ही बँकेतली ठेव असते; गरजेला काढायची आणि सुगीला पुन्हा भरायची.

चरबी कशी साठते

पाळीव पक्ष्याच्या बाबतीत ही ठेव कधीच काढली जात नाही, फक्त भरली जाते. त्यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. गायीगुरांत किंवा डुकरांत नवी चरबी मुख्यतः चरबीच्या पेशींतच तयार होते. पक्ष्यांत ती माणसाप्रमाणे यकृतात तयार होते आणि तेथून रक्तावाटे ठिकठिकाणी पोचते. म्हणूनच फ्रान्समध्ये हंसाला आणि बदकाला बळेबळे धान्य भरवून त्याचे यकृत फुगवता येते. टर्कीत ही चरबी पोटाच्या पोकळीत, पेट्याभोवती आणि कातडीखाली साठते. मांसाच्या धाग्यांत ती फारच थोडी शिरते. म्हणून टर्कीचे कातडी काढलेले छातीचे मांस अतिशय कोरडे असते. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात चरबी दोन ग्रॅमांहून कमी, तर प्रथिने तेवीस-चोवीस ग्रॅम. त्याच पक्ष्याच्या शंभर ग्रॅम कातडीत मात्र तीस ग्रॅमांहून अधिक चरबी सापडते.

वाढीचा एक क्रमही ठरलेला आहे. आधी हाडे वाढतात, मग स्नायू आणि सर्वांत शेवटी चरबी. मादी लवकर वयात येते, म्हणून तिच्या अंगावर चरबीही लवकर चढते. त्यामुळे मादी बारा ते चौदा आठवड्यांत विकायला काढतात आणि नर अठरा-वीस आठवडे ठेवतात. खाद्याचाही यात मोठा वाटा आहे. टर्कीच्या लहान पिल्लांना प्रथिनांची गरज फार, खाद्याच्या २८ टक्क्यांपर्यंत. पक्षी साधारणपणे ऊर्जेची भूक भागेपर्यंत खातो. खाद्यात मका भरपूर आणि सोयाबीनची पेंड कमी असेल, तर प्रथिनांची गरज भागवण्याच्या खटपटीत तो ऊर्जा जास्त घेतो आणि जास्तीची ऊर्जा चरबी होऊन बसते.

शेतकऱ्याला ही चरबी नकोशी असते, ती आरोग्याच्या काळजीपोटी नव्हे. स्नायूत तीन-चतुर्थांश पाणी असते, चरबीत पाणी जवळजवळ नसते. त्यामुळे एक किलो चरबी चढवायला एक किलो मांसाच्या कितीतरी पट खाद्य लागते. खाद्य हा तर कुक्कुटपालनातला सर्वांत मोठा खर्च. पोटातली चरबी ही शेतकऱ्याच्या दृष्टीने पक्ष्याच्या पोटात गेलेला आणि गिऱ्हाइकाने फेकून दिलेला पैसा असतो.

छाती वाढली, पक्षी बदलला

तेव्हा चरबी कमी, छातीचे मांस जास्त आणि वाढ झटपट असा पक्षी हवा होता. तो मिळवण्यासाठी निवड पद्धतीने पैदास सुरू झाली. रुंद छातीच्या काशाच्या रंगाच्या टर्कीची पैदास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढली. पुढे तिला पांढऱ्या पिसांचा जोड मिळाला, कारण काळ्या पिसांचे खुंट सोललेल्या कातडीवर डागासारखे दिसत. १९६०च्या दशकापासून रुंद छातीच्या पांढऱ्या टर्कीने बाजार व्यापला. मधल्या काळात अमेरिकी सरकारच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्राने लहान कुटुंबासाठी आणि लहान भट्टीसाठी छोटी पांढरी टर्की तयार केली होती. ती काही वर्षे खपलीही. पण कापणी करून तुकडे विकणाऱ्या उद्योगाला मोठा पक्षीच परवडतो, त्यामुळे १९७०च्या दशकापर्यंत ती बाजारातून दिसेनाशी झाली. आज जगातल्या व्यापारी टर्कींचे मूळ वाण मुख्यतः दोन कंपन्यांच्या हाती आहेत.

या बदलाची मोजदादही झाली आहे. ओहायोत १९६६ सालच्या टर्कीचा एक वाण निवड न करता जसाच्या तसा जपून ठेवला होता. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तो वाण आणि २००३ सालची व्यापारी टर्की शेजारी शेजारी वाढवली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या वाणाच्या नराला जुन्या पद्धतीच्या खाद्यावर अकरा किलो वजन गाठायला १९६ दिवस लागले. नव्या नराला नव्या खाद्यावर ९८ दिवस पुरले. जुन्याला किलोभर वजनामागे ४.२ किलो खाद्य लागले, नव्याला २.१ किलो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टर्कीचे सरासरी जिवंत वजन १९६० साली सात किलोंच्या घरात होते, आता ते चौदा किलोंच्या आसपास आहे.

हे यश खोटे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. निम्म्या खाद्यात तेवढेच मांस म्हणजे निम्मी जमीन, निम्मे पाणी आणि गरिबालाही परवडणारी प्रथिने. पैदासकारांना सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. पण हिशेबाच्या वहीत जमेची बाजू जेवढ्या ठळक अक्षरात लिहिली जाते, तेवढी खर्चाची लिहिली जात नाही.

खर्चाची पहिली नोंद पक्ष्याच्या नावावर आहे. छाती इतकी अवजड झाली की नराला मादीशी संग करणे अशक्य झाले. आजच्या व्यापारी टर्कीची प्रत्येक पिढी कृत्रिम रेतनानेच जन्मते. माणसाने हात काढून घेतला तर हा वाण एका पिढीत संपेल. ज्या रानटी नराची चरबी वसंतातल्या प्रणयासाठी राखलेली असे, त्याच्या वंशजाच्या नशिबी प्रणयच उरला नाही. जलद वाढणाऱ्या नरांत महारोहिणी फुटून अचानक मृत्यू येतो, हृदय फुगण्याचा विकार होतो, पाय वजन पेलत नाहीत. शिवाय झटपट वाढीची निवड म्हणजे शेवटी भुकेची निवड असते. ब्रॉयलर कोंबड्यांच्या मातापित्यांना म्हणूनच मोजूनमापून अर्धपोटी ठेवावे लागते. पोटभर खाऊ दिले तर ते इतके चरबटतात की अंडी घालणे आणि जगणे दोन्ही अवघड होते. भूक वाढवायची आणि मग तिला उपाशी ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी नोंद मांसाच्या नावावर आहे. गेल्या काही वर्षांत ब्रॉयलर आणि टर्की या दोघांच्याही छातीच्या मांसात पांढऱ्या रेघा दिसू लागल्या आहेत. भराभर वाढलेल्या स्नायूचे धागे मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतुमय ऊतक भरते. असे मांस खाणे धोक्याचे नाही. पण त्यात चरबी जास्त आणि प्रथिने कमी असतात. पोटातून हुसकावलेली चरबी अशी आडवाटेने छातीतच परत आली. ब्रिटनच्या दुकानांत मिळणाऱ्या कोंबड्या तपासून तिथल्या संशोधकांनी २०१० साली दाखवले की त्यांच्यापासून मिळणारे उष्मांक प्रथिनांपेक्षा चरबीतून अधिक येतात. 'चिकन म्हणजे हलके' या आपल्या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे. अर्थात ही तपासणी कातडीसकट मांसाची होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरी नोंद स्वयंपाकघरात सापडते. चरबी नसलेले छातीचे मांस भट्टीत भाजले की भुशासारखे कोरडे होते. त्यावर उद्योगाने उपाय काढला. सोललेल्या टर्कीत मिठाचे पाणी, कधी तेल आणि चवीचे पदार्थ सुयांनी टोचून भरायचे. अमेरिकेत हे वेष्टनावर छापावे लागते, आणि बारीक अक्षरे वाचणाऱ्याला कळते की वजनातला काही भाग पाणी आहे. म्हणजे पैदासकाराने खाद्य वाचवण्यासाठी रस काढून घेतला, कारखानदाराने तो मिठाच्या रूपाने परत घातला आणि गिऱ्हाइकाने पाण्याचे पैसे मांसाच्या भावाने मोजले. रक्तदाबाच्या रुग्णाला हे मीठ वेगळेच महागात पडते.

शेपटीचा प्रवास

यापेक्षाही बोलकी आहे ती टर्कीच्या शेपटीची गोष्ट. शेपटाच्या बुडाशी पिसे जिथे रुजतात, तिथे तेलग्रंथीभोवती एक मांसल गोळा असतो. पक्ष्याचा हा सर्वांत चरबट भाग. अमेरिकी माणूस छातीचे पांढरे मांस खातो, हा गोळा खात नाही. मग तो कापून, गोठवून प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर जाऊ लागला. तिथे तो स्वस्त होता आणि चविष्टही होता. मासे, नारळ आणि कंदमुळे खाणारी बेटे आयात मांसावर आली. सामोआत प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक माणसे स्थूल आहेत आणि मधुमेह घरोघरी आहे. या सगळ्याचे खापर एकट्या टर्कीच्या शेपटीवर फोडता येणार नाही. पांढरे तांदूळ, साखर आणि मेंढीचे चरबट तुकडेही त्यात वाटेकरी आहेत. तरीही सामोआ सरकारने २००७ साली शेपटींच्या आयातीवर बंदी घातली.

ही बंदी टिकली नाही. सामोआला जागतिक व्यापार संघटनेचे सभासद व्हायचे होते आणि एका परकीय वस्तूला अशी सरसकट मनाई नियमांत बसत नव्हती. २०१२ साली सामोआ सभासद झाला आणि त्याची किंमत म्हणून बंदी मागे घ्यावी लागली. तिच्या जागी सुरुवातीला ३०० टक्क्यांपर्यंत आयात शुल्काची मुभा मिळाली. चार-दोन लाख वस्तीच्या देशाने स्वतःच्या लोकांच्या तब्येतीसाठी केलेला कायदा व्यापाराच्या तराजूत हलका ठरला. आफ्रिकेतल्या घाना देशाने वेगळी वाट काढली. त्याने १९९०च्या दशकाच्या आरंभी कोणत्याही एका देशाचे वा तुकड्याचे नाव न घेता मांसातल्या चरबीची कमाल मर्यादाच ठरवली. पक्ष्यांच्या मांसासाठी १५ टक्के. ती देशी-परदेशी सर्वांना लागू असल्याने तिच्याविरुद्ध ओरडायला जागा राहिली नाही. शेपटी आपोआप बाहेर राहिली. मला या दोन उदाहरणांतला फरक फार शिकवणारा वाटतो. बंदी आणून बातमी होते. प्रमाण ठरवून काम होते.

दिल्लीच्या दारात

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. अमेरिकेला कोंबडीच्याही छातीचेच मांस हवे असते. तंगडी तिथे उरते आणि बाहेरचे गिऱ्हाईक शोधत फिरते. १९९०च्या दशकात रशियाच्या बाजारात आलेल्या या तंगड्यांना लोक 'बुशचे पाय' म्हणत. भारतात मात्र तंगडीच आवडीची, म्हणून आपली बाजारपेठ अमेरिकेला खुणावते. बर्ड फ्लूच्या कारणावरून आपण घातलेली बंदी अमेरिकेने २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि २०१५ साली अपिलातही निकाल आपल्या विरुद्ध गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांनी हा वाद मिटवला. त्याच सुमारास भारताने गोठवलेल्या टर्कीवरचे आयात शुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचे मान्य केले. टर्कीचा खप आपल्याकडे नगण्य असल्याने बातमी कोपऱ्यात छापून आली. पण आज टर्कीसाठी उघडलेले दार उद्या तंगडीसाठी किती उघडायचे, हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर येत राहणार. तेव्हा आपल्याजवळ घानासारखे लेखी प्रमाण हवे: चरबी किती, टोचलेले पाणी किती, मीठ किती. ते देशी मालालाही लागू हवे, तरच ते टिकेल.

देशी मालाकडे पाहिले तर चित्र ओळखीचेच दिसते. आपल्या दुकानातली दोन किलोंची ब्रॉयलर पस्तीस-चाळीस दिवसांची असते. तिचे मूळ वाणही मूठभर कंपन्यांचेच. महाराष्ट्रातला पोल्ट्रीवाला शेतकरी बहुतेक ठिकाणी करार पद्धतीने पक्षी वाढवतो आणि किलोमागे खाद्य किती लागले यावर त्याची मजुरी ठरते. पक्ष्याचे पाय, हृदय, त्याची चाल यांना या हिशेबात रकाना नाही. आपली एक जुनी सवय मात्र चांगली आहे. आपला दुकानदार कोंबडी कातडीसकट सोलून देतो, त्यामुळे कातडीखालची चरबी घरात येतच नाही. आजीच्या काळातला हा रिवाज आहारशास्त्राच्या कसोटीला उतरतो. पण अलीकडे शहरांत पिशवीबंद 'बोनलेस'चा आणि तळलेल्या, कातडीसकट चिकनचा जोर वाढतो आहे. छातीच हवी म्हणणारे गिऱ्हाईक वाढले की छातीच वाढवणारी पैदास येते, आणि उरलेला पक्षी कोणाच्या तरी ताटात ढकलावा लागतो. सामोआची गोष्ट अशीच सुरू झाली होती.

उपाय नाहीत असे नाही. फ्रान्समध्ये 'लाबेल रूज' नावाची सरकारमान्य खूण आहे. ती मिळवायची तर सावकाश वाढणाऱ्या वाणाची कोंबडी किमान ८१ दिवस वाढवावी लागते. ती महाग असते, तरी फ्रेंच कुटुंबे रविवारच्या जेवणासाठी ती घेतात. आपल्याकडे रोज ती परवडणार नाही, हे उघड आहे. पण पैदास करताना वजनाबरोबर पाय, हृदय आणि स्नायूंचे आरोग्य यांना गुण देता येतात, आणि तसे प्रयत्न पैदास कंपन्यांत सुरू झालेले आहेत. करारात शेतकऱ्याला पक्ष्याच्या तब्येतीसाठी चार पैसे जास्त देता येतात. वेष्टनावर पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण मोठ्या अक्षरात छापता येते. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. हिशेबात रकाने वाढवावे लागतात.

चरबी नाहीशी होत नाही, ती जागा बदलते, एवढाच टर्कीच्या कथेचा अर्थ मला दिसतो. पोटातून निघाली तर ती स्नायूत शिरते, श्रीमंताच्या ताटातून निघाली तर गरिबाच्या ताटात जाते. आपण मांस खावे की न खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण जे कुटुंब खाते, त्याने पुढच्या वेळी दुकानात भाव विचारताना पक्षी किती दिवसांचा आहे आणि पिशवीत मांसाशिवाय आणखी काय आहे, हेही विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर दुकानदाराला उत्तर शोधावे लागेल, आणि दुकानदारांनी विचारायला सुरुवात केली की कंपन्यांनाही ते द्यावे लागेल.